गच्चीवरून दिसणारा शालिनी पॅलेस

आपल्या सोसायटीच्या गच्चीवर कोजागरीला दूध आटवताना रंकाळ्यापलीकडचा घड्याळाचा मनोरा दिसतो. लहान मुलं हमखास विचारतात, "तिथं कोण राहतं?" सध्या कुणीच नाही.

शालिनी पॅलेस 1931 ते 1934 या काळात राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत बांधला गेला. नाव राजकन्या शालिनीराजेंचं. काळा दगड, इटालियन संगमरवर, कमानींना बेल्जियन काचा, दारांच्या काचांवर कोरलेलं राजचिन्ह. खर्च आला आठ लाख रुपये. (आज तेवढ्यात आपल्या इमारतीचा रंगसुद्धा होणार नाही, खजिनदारांना विचारा!)

राजवाडा असताना आम्हा पेठेतल्या लोकांना तो बाहेरूनच माहीत. आई रंकाळ्यावर फिरायला आली की माडांच्या आडून दिसेल तेवढा बघायची आणि म्हणायची, "आत कसं असंल गं बाई!"

1987 साली तिथं हॉटेल सुरू झालं. राजवाड्याचं हॉटेल झालं म्हणून काही जुनी मंडळी हळहळली. मला मात्र वेगळं वाटतं. चहाचे पैसे टाकले की कुणालाही त्या दारातून आत जाता येऊ लागलं, हे त्या वास्तूच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. पहिल्या बोनसमधून मी आईला घेऊन गेलो. ठेवणीतलं इरकल नेसून, खुर्चीच्या अगदी कडेला बसली. बिल बघून म्हणाली, "एवढ्यात महिन्याची चहापत्ती आली असती की रं!" पण निघताना दारापाशी थांबली, काचेवरच्या नक्षीवरून सावकाश बोट फिरवलं. वेटरनं बघितलं, काही बोलला नाही. पुढं वर्षभर ती काच गल्लीतल्या प्रत्येक बाईला सांगून झाली.

पुढं तिथं लग्नं झाली, सिनेमाची शूटिंगं झाली. मग हॉटेल बंद पडलं आणि फाटकाला कुलूप लागलं. इकडं जुना राजवाडा देवीच्या दर्शनाला येणाऱ्यांनी गजबजलेला असतो, न्यू पॅलेसमध्ये तिकीट काढून शाहू महाराजांचं संग्रहालय बघता येतं. शालिनी पॅलेसच तेवढा परत बाहेरून बघायचा राहिला.

गेल्या महिन्यात नातीला तिथं घेऊन गेलो. पणजीच्या काचेची गोष्ट तिला पाठ आहे. फाटकाच्या गजांतून बराच वेळ बघून तिनं विचारलं, "आजोबा, कुठलं दार?"

एवढ्या लांबून मला ते नक्की दाखवता आलं नाही.