भितरकनिकेच्या मगरी

ओडिशाच्या किनाऱ्यावर ब्राह्मणी व वैतरणी या नद्या समुद्रास मिळतात तेथील भितरकनिकेचे खारफुटीचे गहन अरण्य १९५२ साली जमीनदारी खालसा होईपर्यंत कनिकाच्या राजांच्या मालकीचे होते, व त्यांचा शिकारीचा मनोरा तेथे अद्यापि उभा आहे. परंतु तेथील मगरींना राजांच्या बंदुकीहून घातक ठरला तो कातड्याचा व्यापार. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला खरा. पण फर्मानाने काही अंडी उबत नाहीत! म्हणून १९७५ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने व मगरतज्ज्ञ डॉ. बस्टर्ड यांच्या सल्ल्याने, रानातली अंडी भितरकनिकेतील डांगमाळ येथे उबवून वाढवलेली पिले खाड्यांत सोडण्याचा उपक्रम सरकारने आरंभिला. पहिल्या गणतीत शंभरही न भरलेल्या मगरी आज दीड हजारांवर गेल्या असून, गावकऱ्यांना स्नानाच्या घाटांभोवती कुंपणे घालावी लागतात.