काळ्या पाषाणाचा भरवसा

जालना जिल्ह्यात राजूरच्या टेकडीवर महागणपतीचे देवस्थान आहे. अंगारकीला भाविकांच्या पायांखाली येणारा तिथला काळा पाषाण एकेकाळी वाहता लाव्हा होता. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तो उसळला, थरावर थर साचला आणि दख्खनचे पठार घडले. ते ज्वालामुखी केव्हाच निवाले. साहजिकच हा पाषाण अढळ आहे, अशी समजूत रूढ झाली. शास्त्रज्ञही या भूभागाला ‘स्थिर’ म्हणत. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयना हादरली. परंतु त्या भूकंपाचा संबंध धरणाच्या जलाशयाशी जोडला गेला.

या समजुतीचा निकाल किल्लारीने लावला. ऑगस्ट १९९२ पासून तेथे हादरे जाणवत होते; १८ ऑक्टोबरचा धक्का त्यांत मोठा होता. पुढे ते विरळ झाले आणि भीतीही ओसरली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर गावे झोपली असता, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हादरली. अधिकृत नोंदीनुसार ७,९२८ माणसे दगावली.

भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर सरकत आशियाला रेटतो आहे. त्याचा ताण केवळ हिमालयापाशी राहत नाही. तो भूपट्टाच्या पोटातही साचतो आणि एखाद्या जुन्या भेगेवाटे मोकळा होतो. किल्लारीला पुढे खोल विंधन घेतले, तेव्हा लाव्हाचे थर सुमारे ३३८ मीटरच जाड निघाले. खाली होता तो त्याहून कितीतरी प्राचीन खडक.

धरणी हलली हे खरे. पण माणसे मारली ती भिंतींनी. काळी शेतीची आणि पांढरी वस्तीची, ही आपली जुनी वाटणी. त्या पांढरीत अनघड दगड मातीत रचून दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती उभ्या राहत आणि वर उन्हाला अडवणारे मातीचे जड माळवद असे. भिंतीची आतली व बाहेरची बाजू एकमेकींना बांधलेली नसे. धक्का बसताच त्या फुटल्या आणि माळवद निजलेल्यांवर कोसळले.

१ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाला, लिस्बनची मंदिरे भाविकांनी भरलेली असताना भूकंप झाला. पुष्कळ धर्मोपदेशकांनी तो ईश्वरी कोप ठरविला. राज्यकर्त्यांनी मात्र नव्या घरांच्या भिंतींत लाकडी सांगाडा घालण्याचा नियम केला. धर्मोपदेशकांच्या उत्तराने सांत्वनही झाले नसेल; सांगाड्याने पुढच्या पिढ्यांना आधार दिला.

किल्लारीनंतर लातूर व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. इतरत्र जुनी घरे बळकट करण्याची रीत शिकविली गेली: भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड, भिंतींना सभोवार बांधणारा काँक्रीटचा पट्टा, हलके छप्पर. यात गवंड्याला अवघड असे काहीच नव्हते.

१९९३ साली किल्लारी नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होती. २००२ साली नकाशा सुधारला, लातूरचा परिसर वरच्या विभागात गेला. जालना जिल्हा खालच्याच विभागात राहिला. त्या विभागाचे नाव वाचून राजूरकराने निश्चिंत होऊ नये. भूकंपाची वेळ आपल्या हाती नाही. दगडामातीच्या जुन्या भिंतीला आरपार दगड बसविणे मात्र आपल्या हाती आहे, आणि ते काम धरणी शांत असतानाच करावयाचे असते.