कुणाची गं तू?



चैत्र लागला की आपल्या चाकण-खेड भागात गावोगावच्या यात्रा सुरू होतात. देवाला नैवेद्य, रात्री छबिना, घाटात बैलगाडे आणि घराघरांत पाहुणे. अलीकडे त्यात कुळाच्या मेळाव्याची भर पडली आहे. एका आडनावाची सगळी घरं एकत्र येतात, मांडव पडतो, पंगती बसतात, मोठ्या फलकावर वंशावळ लावतात. आपण बायका नेसून-सवरून जातो आणि निम्म्याहून जास्त माणसं ओळखीची नसतात. मग एखादी म्हातारी आपला हात धरून विचारते, “कुणाची गं तू?”

आपण सांगतो, अमक्याची सून, तमक्याच्या धाकट्याची बायको. म्हातारी मान हलवते, तिला ओळख पटते. आपलं स्वतःचं नाव मात्र कुणी विचारलेलं नसतं, आणि फलकावरही ते नसतं. आज आपण या प्रश्नाचा इतिहास पाहू.

आपल्याकडे भावकी वेगळी आणि सोयरे वेगळे. एका कुळात, एका देवकात लग्न होत नाही. त्यामुळे घरात जन्मलेली प्रत्येक मुलगी बाहेर गेली आणि घरातली प्रत्येक सून बाहेरून आली. अनोळखी नातेवाइकांत जाऊन बसणं बाईला नवीन नाही, ते तिने लग्नाच्या दिवशीच केलेलं असतं. पुष्कळ घरांत लग्नात तिचं नावही बदलायचे. ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने नवं नाव लिहायचं. माहेरची सखू सासरी लक्ष्मी झाली. दोन पिढ्यांनी शोधायला गेलं तर सखू आणि लक्ष्मी एकच, हे सांगणारं कुणी उरत नाही.

पुरुषांची नावं मात्र जपली गेली. पश्चिम महाराष्ट्रात हेळवी दारोदार येऊन कुळाची वंशावळ वाचून दाखवायचे. त्र्यंबकेश्वरला गेलं की तीर्थोपाध्यायांच्या वहीत पणज्याचं नाव सापडतं. ही जपणूक नुसत्या मायेपोटी नव्हती. शिवकाळात आणि पेशवाईत पाटीलकी, कुळकर्ण वगैरे वतनांचे तंटे गोतसभेपुढे चालायचे. गोत म्हणजे गावातले आणि नात्यातले लोक. तिथे वादी-प्रतिवादी आपली पिढीजात हकिगत आणि वंशावळ मांडायचे. थोरल्याचा वंश कोणता, धाकट्याचा कोणता, यावर वतन कुणाचं ते ठरायचं. म्हणजे वंशावळ हा तेव्हाही हक्काचा कागद होता. ज्याला हक्क, त्याचं नाव. लेक परघरी जाणार, म्हणून तिचं नाव गळलं.

मग बायकांनी आपली नाती कुठे ठेवली? जात्यावर. भाऊ, वहिनी, मावळण, शेजीबाई सगळ्या ओवीत आल्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. एवढी मोठी वही बायकांनी तोंडपाठ सांभाळली होती. पण ओवी कचेरीत चालत नाही. तिथे सातबारा चालतो.

इथे आपलं चाकण येतं. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाच्या फौजेपुढे सुमारे दोन महिने झुंजवलेला संग्रामदुर्ग आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. कांद्याचा बाजारही जुना. याच बाजारातून शरद जोशी यांचं कांदा आंदोलन उभं राहिलं. चाकणजवळच्या आंबेठाणला त्यांची शेती होती. १९७९ मध्ये शेतकरी संघटना सुरू झाली. पुढे १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन भरलं. त्या विचारातून १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला: शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे करून द्यायचा. ज्या गावात शंभर जण असं करतील ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. पुष्कळ ठिकाणी शेतात राबणाऱ्या बाईचं नाव सातबाऱ्यावर पहिल्यांदा तेव्हा लागलं.

त्याच काळात कारखाने जवळ येत होते. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, आणि वाढत वाढत कारखाने चाकणला पोचले. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. माळरानाला भाव आला. तेव्हापासून वीस वर्षं तोंड न पाहिलेली नाती जागी झाली. ज्या आत्याला यात्रेचं बोलावणं जात नव्हतं, तिच्या दारी गाडी उभी राहू लागली. कारण तिची सही हवी होती.

कायदा काय सांगतो ते थोडक्यात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने लेकीला बापाच्या हिश्शात वाटा दिला, पण वडिलोपार्जित जमिनीत जन्मापासूनचा हक्क मुलाचाच राहिला. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून लेकीलाही तो हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून सगळ्या लेकींना तो मिळाला, लग्न झालेल्यांनाही. वडील २००५ च्या आधी वारले असले तरी हा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेली वाटणी किंवा विक्री मोडता येत नाही. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख घरांना लागू आहे. मुस्लिम आणि ख्रिस्ती मैत्रिणींचे वारसाचे कायदे वेगळे आहेत.

तरी कितीतरी बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात. त्यांना भोळ्या म्हणू नका. नवऱ्याने टाकलं, आजार आला, तर बाईला जायला भावाचं दार होतं. ते दार उघडं राहावं म्हणून बहिणीने जमीन सोडली. तो तिचा हिशोबच होता. आजही कुणी समजून-उमजून सोडत असेल तर ती तिची मर्जी. पण जेवणानंतर घाईत, “नुसती सही आहे ताई,” म्हणून पुढे केलेला कागद वाचल्याशिवाय सही करू नका. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मोडायला कोर्टात जावं लागतं आणि फसवणूक सिद्ध करावी लागते. बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, वकिलाची मदत फुकट मिळते. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे चौकशी करा.

आणखी एक. माणूस वारला की वारसनोंदीसाठी वंशावळ जोडावी लागते. मेळाव्याच्या फलकावर लेकींची नावं नसली तर मन खट्टू होतं. त्या कागदात नसली तर वाटा जातो. फलकावर न लिहायची सवय झाली की कागदावरही सहज राहून जातं.

म्हणून यंदा यात्रेला, मेळाव्याला जरूर जा. ज्यांची ओळख नाही त्यांच्याच शेजारी पंगतीला बसा. बचत गटाची एखादी कोरी वही बरोबर न्या. म्हातारीने “कुणाची गं तू?” विचारलं की उत्तर द्या, आणि मग तिला विचारा: आजी, तुमचं माहेर कुठलं? लग्नाआधी नाव काय होतं? बहिणी किती, कुठे दिल्या? तुमच्या आईचं नाव काय? लिहून घ्या, तारीख घाला, दोघी-तिघींसमोर वाचून दाखवा. सखू आणि लक्ष्मी एकच, हे सांगणारी ती आजी पुढच्या चैत्रात असेलच असं नाही.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात बापाच्या आधी आईचं नाव लागतं. ती मुलं मोठी होऊन आईच्या आईचं नाव विचारतील. ते आपल्या वहीत असू द्या.