भीमेची तर आणि उजनीचा वारा

पुण्यातल्या आयटीवाल्यांना उजनी माहीत असते ती भिगवणमुळे. हिवाळ्यात पहाटे निघायचं, कुंभारगाव नाहीतर डिकसळला होडीत बसायचं, फ्लेमिंगोंचे फोटो काढायचे आणि परत येताना चिलापी मासा हाणायचा. झकास वीकेंड! आम्हा सोलापूरकरांचं उजनीशी नातं जरा रुक्ष आहे. शुक्रवार पेठेतल्या आमच्या नळाचं भवितव्य तिथे ठरतं, त्यामुळे "धरण प्लसमध्ये आलं का?" हा प्रश्न आमच्याकडे सेन्सेक्ससारखा विचारला जातो. (मायनस म्हणजे धरण कोरडं नव्हे. एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा. वरचा साठा संपला की आकडा शून्याखाली जातो, पाणी तेव्हाही भरपूर असतं.)

पण आज लिहायचंय ते होडीबद्दल.

माझ्या आजीचं माहेर करमाळा तालुक्यातलं, भीमेच्या काठचं. जुनं गाव आता पाण्याखाली आहे. तिच्या वडिलांकडे गावची तर होती. तर म्हणजे माणसं आणि माल पैलतीरी नेणारी नाव. हा शब्द आता कुणी फारसा वापरत नाही, पण आजीच्या तोंडी तोच असायचा. ती सांगायची त्यावरून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. उजनीच्या आधी भीमा ही काही बारमाही नावेची नदी नव्हतीच. उन्हाळ्यात पात्रात वाळू, मधे मधे डोह, वाळूत लावलेली कलिंगडं. बैलगाड्या सरळ नदीतून जायच्या. नाव तेव्हा काठावर पालथी पडलेली असायची, डांबर लावून. मृग लागला, पाणी चढलं की ती सरळ व्हायची, आणि दिवाळीच्या आसपास पाणी उतरलं की पुन्हा पालथी. म्हणजे चार महिन्यांचा धंदा. गावातले लोक त्याचे पैसे देत नसत, सुगीला ज्वारी देत. परगावच्या माणसाकडून मात्र रोख.

पुरात नाव घालायची पद्धत मला फार आवडते. पलीकडचा धक्का समोर दिसतोय म्हणून नाव सरळ तिकडे न्यायची नाही. आधी काठाकाठाने दोरीने ओढत बरीच वर, उलट्या दिशेने न्यायची. मग सोडायची. धार तिला खाली खेचणारच, आपण फक्त बांबू टेकत आणि वल्हं मारत तिला पलीकडे ढकलत राहायचं. तिरकी जात जात ती बरोबर धक्क्याला लागते. किती वर न्यायची हे धारेच्या वेगावर, आणि तो अंदाज पणजोबा पाण्याचा रंग आणि वाहत येणारा पालापाचोळा बघून बांधत. (आमच्या टीममधली एस्टिमेट्स याच्या निम्म्यानेही बरोबर येत नाहीत. असो.)

इंग्रजांनी १८६८ साली मुंबई इलाख्यातल्या तरींसाठी खास कायदा केला. त्याच सुमारास, १८६० साली, रेल्वे पुण्याकडून सोलापूरपर्यंत आली आणि डिकसळजवळ भीमेवर पूल झाला. आगगाडी दिमाखात नदी ओलांडायची. काठच्या गावांना मात्र पावसाळ्यात तरीशिवाय गत नव्हती.

इतिहासात आपण साधारण हेच वाचतो, की आधी नावा होत्या, मग पूल आणि एसट्या आल्या आणि नावा संपल्या. भीमेवर गाडी उलटी गेली. १९६६ साली उजनीचं भूमिपूजन झालं, १९८० मध्ये धरण पूर्ण झालं. सव्वातीनशे चौरस किलोमीटरहून जास्त पाणी पसरलं. गावं उठली, रेल्वेचा जुना मार्गही हलवावा लागला. आणि जी नदी आठ महिने पायी ओलांडता यायची ती कायमची अडली. पलीकडे सोयरीक, बाजार, दवाखाना, सगळं होतं तिथेच राहिलं, मधे मैलोगणती पाणी आलं. करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीला जायचं तर रस्त्याने भलामोठा वळसा, बोटीने सरळ. म्हणजे आधुनिक महाराष्ट्राच्या एका मोठ्या प्रकल्पाने नाव संपवली नाही, उलट चार महिन्यांची बारा महिन्यांची केली!

पणजोबांना मात्र त्याचा काही उपयोग झाला नाही. मोबदला मिळाला तो घराचा आणि दोन-अडीच एकराचा. तर कुठल्याच कागदावर नव्हती. शिवाय नवं पाणी त्यांच्या ओळखीचं नव्हतं. बांबू तळाला टेकेना. बघायला धारच नाही. पिढ्यान् पिढ्यांची सगळी हुशारी धारेची होती, आणि इथे धोका वाऱ्याचा. नदीवर दोन्ही बाजूंना उंच दरडी असतात, वारा अडतो. धरणावर त्याला मैलच्या मैल मोकळं पाणी मिळतं, आणि जितकं अंतर वारा पाण्यावरून धावतो तितकी लाट मोठी होते. नदीत वाढलेल्या माणसाला लाट म्हणजे काय हे कुठून माहीत असणार? आजीच्या भावाने शेवटी नाव विकली. त्याचा मुलगा, म्हणजे बाबांचा मामेभाऊ, पुढे मासेमारीत शिरला. तो वाऱ्याचं गणित नव्याने शिकला, जाळी गमावत.

२१ मे २०२४ ला संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सात जण होते. एक पोलीस अधिकारी पोहून काठाला आला, बाकीचे सहा गेले, त्यात लहान मुलंही होती. मृतदेह तिसऱ्या दिवशी हाती लागले. त्या आठवड्यात बातम्यांत लाइफ जॅकेटची चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. पण वळवाच्या दिवसांत दुपारनंतर तिथे वारा कसा अचानक उठतो, बोट कधी सोडायची आणि कधी बांधून ठेवायची, हे ठरवणारं तिथे कोण होतं, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. जुन्या तरीवर तो अधिकार नावाड्याचा असायचा. पणजोबांनी पूर बघून लग्नाचं अख्खं वऱ्हाड दोन दिवस काठावर बसवून ठेवल्याची गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. नवरदेव रडकुंडीला आला होता म्हणे.

कुगाव ते शिरसोडी पुलाला आता मंजुरी मिळाली आहे. काकांना फोनवर विचारलं, पूल झाल्यावर लोक बोटीने जातील का हो? ते म्हणाले, "कशाला जातील? मी पण मोटरसायकलवरच जाणार."

त्या मे महिन्यात, जाता जाता सांगतो, उजनी उणे ५० टक्क्यांच्याही खाली होती. पळसदेवचं बुडालेलं देऊळ उघडं पडलं होतं आणि लोक तिथे सेल्फी काढत होते. बोट बुडायला तेवढं पाणी पुरलं.