फवारणीचे विमान आणि विजेच्या तारा

शहापूर-मुरबाडच्या माळावर उभे राहून वर पाहिले, की आकाशाच्या आधी तारा दिसतात. १९३० साली कल्याण ते इगतपुरी रेल्वे विजेवर धावू लागली. १९९९ साली चंद्रपूरहून ७५२ किलोमीटरची वाट तुडवत, सह्याद्री उतरून, ५०० किलोव्होल्टची वाहिनी शेजारच्या पडघ्याला पोचली. गावोगावच्या लहान वाहिन्या तर खाचरांच्या बांधाबांधावरून गेल्या आहेत. या तारांवर आपला दिवा लागतो, पंप चालतो. पण हवेतून शेती करू पाहणाऱ्याला त्याच तारा काळ ठरल्या.

विमानातून औषध टाकण्याचा पहिला प्रयोग अमेरिकेतील ओहायो राज्यात ३ ऑगस्ट १९२१ रोजी झाला. जॉन मॅकरेडी या लष्करी वैमानिकाने कटाल्पाच्या झाडांवर विषारी भुकटी उधळून अळ्या मारल्या. आपल्या देशातही हवाई फवारणी झाली. त्यासाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सने 'बसंत' हे खास विमान बनवले. त्याचे पहिले उड्डाण १९७२ साली झाले. अशी ३९ विमाने तयार झाली. डोंगरउतारावरच्या आपल्या लहान खाचरांना मात्र असे विमान सोयीचे नव्हते.

या कामातला धोका समजून घेण्यासारखा आहे. वैमानिक पिकावरून अवघ्या काही फुटांवरून जातो, शेताच्या टोकाला झटकन वर उठतो, वळतो आणि पुन्हा खाली येतो. विजेचे खांब असतात ते नेमके शेताच्या टोकालाच. तार बारीक; जुनी झाली की करडी पडते आणि मागच्या डोंगरात मिसळून जाते. ती किती लांब आहे, हे डोळ्याला ठरवता येत नाही. उन्हाळ्यात तार तापून लांबते आणि झोळ खाली येतो. मोठ्या मनोऱ्यांवर तर सर्वांत वर अर्थिंगची आणखी बारीक तार असते. खालच्या जाड तारा चुकवून वर उठणारे विमान तिच्यात अडकते. म्हणून जाणते वैमानिक तार शोधत नाहीत, खांब शोधतात.

ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा संस्थेने २०११ साली दहा वर्षांतील अशा अपघातांचा आढावा घेतला. त्यातून निघालेली गोष्ट विलक्षण आहे. निम्म्याहून अधिक वैमानिकांना ती तार तिथे आहे, हे आधीच ठाऊक होते! ठाऊक असणे वेगळे आणि त्या क्षणी ध्यानात असणे वेगळे. वारा, औषध, पुढची ओळ यांत मन गुंतले, की तार विसरली जाते. हेलिकॉप्टरवर तारा कापणारी पाती बसवण्याची युक्ती कॅनडात निघाली, पण ती शेवटचा उपाय.

महाराष्ट्रालाही हा अनुभव आहे. २५ मे २०१७ रोजी निलंग्यात तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर उड्डाणानंतर लगेच विजेच्या तारांत अडकून कोसळले. सुदैवाने सगळे बचावले.

आज फवारणीचे उड्डाण नव्या रूपात गावात येत आहे. केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये ड्रोनने फवारणी करण्याची कार्यपद्धती ठरवली आणि २०२३ साली १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याची योजना मंजूर केली. लहान खाचरांना हे यंत्र विमानापेक्षा सोयीचे. यात वैमानिकाच्या जिवाला धोका नाही, पण तार तुटून पाणी भरलेल्या खाचरात पडली, तर तिथे राबणाऱ्या माणसांच्या आणि बैलांच्या जिवावर बेतते. तारेत अडकलेला ड्रोन काठीने काढायला जाणाराही जीव गमावून बसेल; तिथे आधी वीज मंडळाच्या माणसालाच बोलवावे.

तेव्हा ड्रोन उडवण्याआधी बांधावरून एक फेरी मारावी. खांब, त्यांचे ताण, डीपी आणि पंपाकडे गेलेली तार पाहून ठेवावी. दर वेळी नव्याने पाहावी, कारण गेल्या हंगामात नसलेला खांब या हंगामात उभा असू शकतो. शंभर वर्षांत कित्येक वैमानिकांनी प्राण देऊन शिकवलेला हा धडा आपल्याला केवळ एका फेरीच्या मोलाने मिळतो आहे.

(संपादित नभोवाणी भाषण)