राहण्यास योग्य प्रदेश कोणता? : चंद्रपूर-गडचिरोली वनप्रदेशाच्या मूल्यमापनाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

कोणता प्रदेश वास्तव्यास सर्वांत चांगला, या प्रश्नाचे उत्तर अलीकडे निर्देशांकांच्या साहाय्याने दिले जाते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जीवनसुलभता निर्देशांकात देशातील १११ शहरांपैकी पुणे, नवी मुंबई आणि बृहन्मुंबई ही पहिल्या तीन क्रमांकांवर होती. याउलट महाराष्ट्राच्या २००२ च्या मानव विकास अहवालात ३५ जिल्ह्यांमध्ये गडचिरोली अखेरच्या क्रमांकावर होता; २०१२ च्या अहवालात तो नंदुरबारच्या केवळ एक पायरी वर आला. एकाच राज्यात देशातील सर्वाधिक पसंतीची शहरे आणि शासकीय कर्मचाऱ्यांमध्ये 'शिक्षेची नेमणूक' म्हणून ओळखला जाणारा जिल्हा असावा, ही बाब विचार करावयास लावणारी आहे.

परंतु गडचिरोली व त्याला लागून असलेला चंद्रपूर यांच्याकडे नेहमीच असे पाहिले गेले काय? प्रस्तुत लेखात या वनप्रदेशाचे मूल्यमापन निरनिराळ्या कालखंडांत कोणी केले, कोणत्या निकषांवर केले आणि त्याचे रहिवाशांवर कोणते परिणाम झाले, याचा मागोवा घेतला आहे. एखाद्या प्रदेशाची राहण्याची योग्यता केवळ निसर्गाने ठरत नाही. तेथील पाणी, जमीन व जंगल यांवर कोणाचा हक्क आहे, यावर ती मोठ्या प्रमाणात अवलंबून असते, हे या इतिहासातून स्पष्ट होते.

गोंड राजवट : पाण्याभोवती वसलेला प्रदेश

चांद्याच्या गोंड राजघराण्याविषयीच्या दंतकथा या दृष्टीने बोलक्या आहेत. खांडक्या बल्लाळशहा हा राजा त्वचारोगाने त्रस्त होता. झरपट नदीच्या पात्रातील पाण्याने त्याची व्याधी बरी झाली आणि त्या स्थानाजवळ नवी राजधानी वसविण्यात आली, असे परंपरा सांगते. सशाने कुत्र्याचा पाठलाग केल्याचे दृश्य पाहून नगराच्या तटाची रेषा आखली गेली, अशीही कथा प्रसिद्ध आहे. या कथांची ऐतिहासिक सत्यता तपासणे कठीण असले तरी त्यांतून दिसणारी धारणा महत्त्वाची आहे. येथील पाणी आरोग्यदायी आणि भूमी पराक्रमास अनुकूल मानली गेली होती. जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर व बिनबा या चार वेशींचा तट आजही त्या नगराची साक्ष देतो.

वस्ती वाढविण्यासाठी गोंड राजांनी अवलंबिलेल्या धोरणाची स्मृतीही टिकून आहे. जंगल तोडून जमीन लागवडीखाली आणणाऱ्यास त्या जमिनीचा हक्क आणि तलाव बांधणाऱ्यास त्याच्या पाण्याखाली भिजणारी जमीन 'तुकूम' म्हणून द्यावी, अशी पद्धत असल्याचे परंपरा सांगते. चंद्रपूर शहरातील 'तुकूम' या वस्तीच्या नावात तो शब्द आजही जिवंत आहे. वैनगंगेच्या खोऱ्यात ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, आरमोरी या भागांत कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांनी धानाची शेती शक्य केली. जो पाणी अडवील त्याला जमीन मिळेल, या साध्या तत्त्वामुळे झाडीपट्टीचा हा प्रदेश बाहेरून येणाऱ्यांनाही वास्तव्यास आकर्षक ठरला.

तथापि हे चित्र संपूर्ण प्रदेशाला लागू पडत नाही. वैनगंगेच्या पूर्वेकडील डोंगराळ भागात माडिया गोंडांची वस्ती विरळ होती आणि तेथील जीवन फिरती शेती, शिकार व वनोपज यांवर आधारलेले होते. राजसत्तेचा हात तेथपर्यंत जमीनदारांमार्फतच पोहोचत असे.

ब्रिटिश कालखंड : 'रोगट' पण मौल्यवान प्रदेश

अठराव्या शतकाच्या मध्यास चांदा नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेला आणि नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर १८५४ मध्ये तो ब्रिटिश अमलाखाली आला. चारच वर्षांनी मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके यांनी उठाव केला. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्याच्या कारागृहात फाशी देण्यात आले. १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाल्यानंतर मेजर ल्युसी स्मिथ यांची जमाबंदी, १८७० चे चार्ल्स ग्रँट संपादित गॅझेटिअर आणि १९०९ चे जिल्हा गॅझेटिअर यांतून या प्रदेशाची तपशीलवार नोंद झाली.

या काळातील मूल्यमापनात एक विसंगती आढळते. पावसाळ्यानंतरचा हिवताप, दुर्गम वाटा आणि कडक उन्हाळा यांमुळे हा प्रदेश अधिकाऱ्यांना रोगट व नकोसा वाटे. मात्र त्याच प्रदेशातील सागवान, कोळसा आणि लोहखनिज त्यांना हवेहवेसे होते. वऱ्हाड व वर्धा खोऱ्यातील कापूस समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेण्यासाठी गोदावरी नौकावहनास योग्य करण्याची योजना हाती घेण्यात आली. परंतु वाढता खर्च व खडकाळ प्रवाहांचे अडथळे यांमुळे १८७१ मध्ये ती सोडून द्यावी लागली. वरोऱ्याला १८७० च्या दशकात कोळशाची खाण सुरू झाली व रेल्वे आली. आलापल्लीच्या सागवानाची कीर्ती दूरवर पसरली. विसाव्या शतकाच्या आरंभी टाटांच्या पोलाद उद्योगासाठी प्रथम चांदा जिल्ह्यातील लोहाराच्या खनिजाचाच विचार झाला होता. ती शक्यता पुढे बारगळली.

१८६५ व १८७८ च्या वन कायद्यांनी जंगल हे सरकारी मालमत्ता ठरविले. पिढ्यान्पिढ्या वनात राहणारा माणूस आता सवलतींवर जगणारा झाला. ज्या जंगलाने त्याच्यासाठी हा प्रदेश राहण्यायोग्य केला होता, त्यातच त्याचा वावर अपराध ठरू शकत होता. येथे निर्णायक बदल घडला तो निसर्गात नव्हे, तर हक्कात.

स्वातंत्र्योत्तर काळ : कोणासाठी, कोणती भूमी?

स्वातंत्र्यानंतर मालगुजारी पद्धत संपुष्टात आली आणि तलाव शासनाकडे गेले. लोकांच्या बोलीत ते 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणून ओळखले जातात. ज्यांनी ते बांधले व राखले त्यांचा थेट संबंध सुटल्याने अनेक तलावांची देखभाल मागे पडली.

याच काळात या प्रदेशाला शासनाने एक नवी भूमिका दिली. १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांचे चांदा जिल्ह्यात पुनर्वसन करण्यात आले. चामोर्शी व मुलचेरा परिसरात त्यांची गावे आजही आहेत. ज्यांची मातृभूमी हिरावली गेली होती त्यांच्यासाठी हे जंगल आश्रयस्थान ठरले. मात्र स्थानिक आदिवासींना या निर्णयात विचारले गेले नव्हते. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि पुढे ओसाड जमिनीवर आनंदवन उभे राहिले. समाजाने बहिष्कृत केलेल्यांनी समाजाने टाकून दिलेली जमीन राहण्यायोग्य केली. १९७३ मध्ये भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला.

वर्धा नदीकाठचा पट्टा मात्र कोळसा, सिमेंट, कागद व औष्णिक वीज यांचा झाला. रोजगारासाठी लोक येत गेले. पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या मूल्यांकनात चंद्रपूर देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चौथ्या क्रमांकावर नोंदले गेले. ताडोबाच्या जंगलास १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. पुढे व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातील नवेगाव, जामनी यांसारखी गावे बाहेर हलविण्यात आली. अशा रीतीने एकच प्रदेश उद्योगासाठी, वाघासाठी, निर्वासितांसाठी आणि पर्यटकांसाठी योग्य ठरविला गेला. मूळ रहिवाशाचा क्रम बहुधा शेवटी लागला.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. तोपर्यंत या भागात नक्षलवादी चळवळीचा शिरकाव झालेला होता. पुढील चार दशकांत हिंसेने आदिवासी, पोलीस व कर्मचारी अशा साऱ्यांचीच हानी केली. नक्षलग्रस्त व आदिवासी क्षेत्रात काम करणाऱ्यांना एकस्तर वरची वेतनश्रेणी देण्याचा शासनाचा २००२ चा निर्णय हा या प्रदेशाच्या 'नकोसेपणाची' जणू अधिकृत किंमतच होय.

रहिवाशांचे निकष

प्रदेशाचे मूल्यमापन बाहेरच्यांनीच केले असे नाही. १९८० च्या दशकात इचंपल्ली व भोपालपट्टणम या प्रस्तावित धरणांविरुद्ध 'जंगल बचाओ, मानव बचाओ' आंदोलन उभे राहिले. शासकीय अहवालांत मागास ठरलेली भूमी सोडण्यास तेथील लोक तयार नव्हते. विकासाच्या मोबदल्यात विस्थापन स्वीकारण्यास त्यांनी दिलेला नकार हेच त्यांचे मूल्यमापन होते.

या चळवळीच्या वातावरणात धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा दिली. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये या गावास सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने २०१२ मध्ये असाच हक्क मिळविला. तेंदूपाने तोडण्याचा जंगलावर होणारा दुष्परिणाम ओळखून या गावाने त्या उत्पन्नावर स्वतःहून पाणी सोडले आणि बांबूवर भर दिला. गावातच काम मिळू लागल्याने रोजगारासाठी बाहेर जाण्याची गरज घटली. चार शतकांपूर्वीच्या 'तुकूम' व्यवस्थेशी याचे साम्य उल्लेखनीय आहे. जो राखतो त्याचा हक्क मान्य झाला की माणूस त्या भूमीत टिकतो.

रहिवाशांनी आरोग्याचा निकषही नाकारलेला नाही. १९८६ मध्ये डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी स्थापन केलेल्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत स्त्रियांमार्फत नवजात बालकांची घरोघरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. नवजात मृत्यूंत झालेली लक्षणीय घट १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली आणि ही पद्धत पुढे देशभर स्वीकारली गेली. जनआंदोलनातून १९९३ मध्ये गडचिरोलीत दारूबंदी लागू झाली. आपले गाव राहण्यायोग्य कशाने होईल, याची स्पष्ट कल्पना लोकांना होती, असे यावरून म्हणता येते.

निकष बदलले की क्रमही बदलतो, हे जनगणनेतूनही दिसते. २०११ मध्ये गडचिरोलीत दर हजार पुरुषांमागे ९८२ स्त्रिया होत्या, तर राज्याची सरासरी ९२९ होती. महानगरांकडे होणारे पुरुषांचे स्थलांतर हे या तफावतीचे एक कारण असले तरी स्त्रियांच्या दृष्टीने प्रदेशांची क्रमवारी निराळी लागू शकते, हे यातून सूचित होते. लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला केवळ ७४, तर राज्याची ३६५ होती. हे मागासपणाचे लक्षण मानावे की मोकळ्या अवकाशाचे, हे पाहणाऱ्याच्या दृष्टीवर अवलंबून राहते.

तथापि या विवेचनाचा अर्थ दारिद्र्याचे उदात्तीकरण असा घेणे अनुचित ठरेल. हिवताप व कुपोषण यांचे प्रश्न या भागात अद्याप गंभीर आहेत, पावसाळ्यात भामरागडचा संपर्क तुटण्याचे प्रसंग येतात आणि दीर्घकाळ वडसा हेच गडचिरोली जिल्ह्यातील एकमेव रेल्वे स्थानक राहिले. लोकांचे भूमीवर प्रेम आहे, म्हणून शासनाने रस्ता व दवाखाना देण्यास विलंब करावा, असा निष्कर्ष इतिहासातून निघत नाही.

समारोप

चंद्रपूर-गडचिरोलीची माती, नद्या व जंगल यांत गेल्या काही शतकांत जेवढा बदल झाला, त्याहून अधिक बदल त्यांच्याकडे पाहण्याच्या दृष्टीत झाला. गोंड राजांना येथे राजधानी वसवावीशी वाटली, ब्रिटिश अधिकाऱ्यांना हा मुलूख रोगट वाटला, निर्वासितांना तो आश्रय वाटला आणि निर्देशांकांनी त्याला तळाशी ठेवले. ज्या ज्या वेळी पाणी व जंगल राखणाऱ्यास त्यावर हक्क मिळाला, त्या त्या वेळी लोक येथे स्थिरावले. हक्क काढून घेतला गेला तेव्हा प्रदेश समृद्ध असूनही माणूस उपरा झाला. सुरजागडच्या लोहखनिजाचे उत्खनन २०२१ पासून वाढत असताना हाच प्रश्न नव्याने उभा आहे. या उद्योगाने जिल्ह्याचे स्थान निर्देशांकांत वर जाईलही. परंतु एटापल्लीच्या माडिया कुटुंबास आपले गाव पूर्वीहून अधिक राहण्यायोग्य वाटते काय, हे विचारल्याशिवाय ते मूल्यमापन पूर्ण होणार नाही.