रोझेलच्या घरात

१८८७ साली कामोठ्यातून निघायचं, तर मानसरोवर स्टेशन विसरा, सायन-पनवेल रस्ताही विसरा. भातखाचरांच्या बांधावरून पनवेल बंदर, मचव्यातून मुंबई, पुढे आगबोटीने सुएझमार्गे इंग्लंड आणि तिथून न्यूयॉर्क. दोन महिने सहज जातात. तुम्हाला डॉक्टर व्हायचंय आणि कामोठ्यात एमजीएम मेडिकल कॉलेज निघायला अजून शंभर वर्षं आहेत. जवळ पत्ता एकच : कार्पेंटरबाई, रोझेल, न्यू जर्सी.

१८८० मध्ये दंतवैद्याकडे ताटकळत बसलेल्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी एका मिशनरी मासिकात गोपाळराव जोश्यांचं पत्र वाचलं. बायकोला, आनंदीबाईंना, शिकवायचंय, मदत हवी. मासिकाच्या संपादकाने धर्मांतराचा सल्ला दिला होता. या बाईंनी कसलीही अट न घालता घर देऊ केलं. ४ जून १८८३ रोजी आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या आणि या घरात राहिल्या. फिलाडेल्फियात शिकून ११ मार्च १८८६ रोजी एमडी झाल्या. कार्पेंटरबाईंना त्या मावशी म्हणत.

तुम्ही दार वाजवता. तुमची साडी, कुंकू पाहून समोरच्या बाईंचा चेहरा उतरतो. तुम्हाला उलगडत नाही. तुम्ही बोटीवर असताना, २६ फेब्रुवारीला, आनंदीबाई पुण्यात क्षयाने गेल्या. बावीस पुरी व्हायला महिना होता. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड इस्पितळातली नेमणूक तशीच राहिली. टपाल तुमच्या आधी पोचलंय.

आता या घरात राहायचं कसं? आपल्याकडे काय करायचं ते ठरलेलं असतं. सुतक, घरची चूल बंद, शेजारणींनी आणलेलं पिठलं-भाकरी, दहाव्याला कावळ्याची वाट, तेराव्याला गोड. इथे काळे कपडे आणि काळ्या कडांचे पत्रकागद, पण चूल रोज पेटते. शिवाय क्रियाकर्म समुद्रापलीकडे कधीच उरकलंय. या मावशीच्या हाती काही आलंच नाही. तुमचा भात शिजतो. त्यात हळद घालावी की नको, इथपासून तुम्हाला प्रश्न.

त्या विचारतीलच : पुणं तुमच्या गावापासून किती लांब? शेवटी फार त्रास झाला असेल का? तुम्ही तर आनंदीबाईंना पाहिलेलंही नाही. अशा घरात पाहुण्याने शहाणपण सांगू नये, असं मला वाटतं. भांडी विसळावीत. विचारलं तर आनंदीबाईंचं कल्याण कसं आहे, त्या राहिल्या ते अलिबाग कसं, ते सांगावं. दहा दिवसांचं बाळ गेल्याची गोष्ट मात्र काढू नका. त्या दुःखातूनच आनंदीबाई वैद्यकीकडे वळल्या होत्या आणि मावशींना ते सगळं ठाऊक आहे.

पुढे आनंदीबाईंच्या अस्थी अमेरिकेतच येतात. नदीत विसर्जन नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीच्या दफनभूमीत, आपल्या कुटुंबाच्या जागेत, कार्पेंटरबाई त्या ठेवतात आणि वर दगड उभा राहतो : ब्राह्मण मुलगी, परदेशी शिकून वैद्यकीची पदवी घेणारी पहिली भारतीय स्त्री. शास्त्र काही म्हणो, दहावा झाला तो इथे.

कामोठ्यातून लेकाकडे न्यू जर्सीला जाणारे आता पुष्कळ. नायगाराच्या सहलीतून एक दिवस वाचवा. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रलहून हडसनकाठाने जाणारी गाडी साधारण दोन तासांत पोकीप्सीला पोचते. उतरल्यावर ‘पोकीप्सी रुरल सिमेटरी’ असं विचारा.